दोन्हीकडे २४, तरी एकीकडे ऊब आणि दुसरीकडे गारठा

प्रश्न थोडक्यात असा आहे: सात वर्षं जुनी पेट्रोल सेडान, ड्युअल झोन ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल. रोज पहाटे नाशिकहून निफाडला जाणं. दोन्ही बाजूंना २४ लावलं तरी चालकाच्या बाजूला ऊब येते आणि डावीकडे बसलेल्या बायकोच्या अंगावर गार वारा. महिन्यापूर्वी बॅटरी बदलली, तेव्हापासून गाडी सुरू केली की डॅशबोर्डमागे टक-टक-टक असा आवाज. गॅरेजमध्ये दोनदा एसीचा गॅस भरून झाला, फरक शून्य. आता ते म्हणतात, एसीचं कंट्रोल पॅनलच बदलावं लागेल. बदलू का?

नका बदलू. निदान आज तरी नको.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशी तुमची गत झाली आहे. तक्रार ऊब न मिळण्याची, आणि भरला काय, तर गॅस. पेट्रोल गाडीतली गरम हवा एसीच्या गॅसमधून येत नाही. ती इंजिनाच्या गरम कूलंटमधून, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणाऱ्या पाण्यातून येते. गॅस पूर्ण संपलेला असला तरी हीटर चालतो. तेव्हा निफाडच्या पहाटेच्या थंडीत डावी बाजू गार राहते याचं उत्तर गॅसच्या नळीत सापडणारच नव्हतं.

मी पंचवीसहून जास्त वर्षं गाड्यांचे एसी आणि वायरिंगची कामं करतोय. एसी म्हटलं की आधी गॅस भरून बघायचा, ही सवय साध्या, हाताने फिरवायच्या नॉबवाल्या एसीपासून लागली. त्यात बिघडण्यासारखं मुळात कमी होतं. ऑटोमॅटिकचं तसं नाही.

तुमच्या गाडीत बाहेरून आलेली सगळी हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते. पुढे हीटर कॉइल असते, म्हणजे छोटा रेडिएटरच, त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. या दोघींच्या मध्ये एक फ्लॅप असतो. किती हवा हीटर कॉइलवरून न्यायची आणि किती बाजूने तशीच सोडायची हे तो ठरवतो. आंघोळीच्या कढत पाण्यात आपण विसण घालतो ना, तसंच. २४ अंशाची हवा गाडीत कुठे तयार होत नाही, ती मिसळून मिळते. ड्युअल झोन म्हणजे बंब एकच, नळ एकच, पण बादल्या दोन आणि विसण घालणारे हातही दोन. तुमच्या उजव्या बादलीत पाणी बरोबर आहे, डावीत नाही. मग बंब आणि नळ बहुतेक ठीकच असणार. (ड्युअल किंवा सिंक नावाचं बटण चुकून दाबलं जाऊन डावीकडचा आकडा वेगळा झालेला नाही ना, हे एकदा बघा. हसू नका, अशाही गाड्या माझ्याकडे आल्या आहेत.)

आता हात काळे न करता घरी करायची तपासणी. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवा, तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येऊ द्या. ऑटो बंद करा, फॅन मधल्या वेगावर, हवा समोरच्या जाळ्यांतून. दोन्ही बाजूंचं तापमान वाढवत वाढवत अगदी शेवटी न्या, आकड्याच्या जागी ‘हाय’ दिसेपर्यंत. दोन-तीन मिनिटांनी चारही जाळ्यांवर हात ठेवून बघा. स्वयंपाकघरात वापरायचा काडीवाला डिजिटल थर्मामीटर असेल तर उत्तमच, आकडे लिहून ठेवा. मग एसी चालू करून दोन्ही बाजू खाली ‘लो’वर आणा आणि पुन्हा मोजा.

हीच परीक्षा का, तर बहुतेक गाड्यांमध्ये ‘लो’ आणि ‘हाय’वर कॉम्प्युटर सेन्सरचं काही ऐकत नाही. फ्लॅप सरळ एका टोकाला नेऊन ठेवतो. म्हणजे डोकं बाजूला ठेवून फक्त हातपाय तपासता येतात. ‘हाय’वर दोन्हीकडे चटका बसेल इतकी गरम हवा आली, ‘लो’वर दोन्हीकडे बर्फासारखी आली, आणि गडबड फक्त मधल्या आकड्यांवर असली, तर दोष सेन्सरमध्ये शोधायचा. ‘हाय’वर दोन्ही बाजू कोमट राहिल्या, तर कूलंटकडे वळायचं. ‘लो’वर दोन्हीकडे गारवा नाही, तर गॅस, कॉम्प्रेसर वगैरे. आणि एकच बाजू आज्ञा मोडत असेल तर बहुधा त्या बाजूचा फ्लॅप किंवा त्याची मोटर.

तुमच्याकडे शेवटचं निघेल असा माझा अंदाज आहे, आणि तो टक-टक आवाजावरून आहे.

फ्लॅप फिरवायला तळहातात मावेल एवढी एक मोटर असते, आत प्लॅस्टिकचे दातेरी गिअर. वर्षानुवर्षं डॅशबोर्डमागच्या उष्णतेत ते ठिसूळ होतात. एखादा दात तुटला की मोटर फिरते, पण गिअर त्याच जागी उड्या मारतो. तोच तो आवाज. मग बॅटरी बदलल्यावरच तो का सुरू झाला? बॅटरी काढली की फ्लॅप कुठे आहे याची कॉम्प्युटरची आठवण बऱ्याच गाड्यांत पुसली जाते. पुन्हा वीज आली की तो प्रत्येक फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन हद्द मोजतो. एरवी २२ ते २६ च्या आसपास थोडासा हलणारा जुना गिअर त्या दिवशी पूर्ण ताणला गेला आणि मोडला, असं होऊ शकतं. किंवा एवढंही झालेलं नसेल. मोजणी चालू असताना कोणीतरी बटणं दाबली, मोजणी अर्धवट राहिली, आणि कॉम्प्युटरला वाटतं फ्लॅप मध्यभागी आहे, प्रत्यक्षात तो गारव्याच्या टोकाला.

म्हणून आधी फुकटचा उपाय. गाडीच्या पुस्तकात क्लायमेट कंट्रोलचा फ्यूज कुठे आहे ते बघा, चावी बंद असताना तो काढा, दहा मिनिटांनी परत लावा. पुस्तकात रीसेटची वेगळी पद्धत दिली असेल तर तीच करा. मग इंजिन न चालवता फक्त इग्निशन चालू करा आणि दोन मिनिटं एसीच्या एकाही बटणाला हात लावू नका. आत हलका घर्र आवाज येऊन थांबेल. आता पुन्हा ‘हाय’-‘लो’ परीक्षा घ्या. डावी बाजू सुधारली तर काम संपलं. टक-टक तशीच राहिली तर पुढे वाचा.

आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत डावीकडची मोटर बहुधा ग्लव्ह बॉक्सच्या मागे, एसीच्या काळ्या प्लॅस्टिक पेटीवर बसवलेली असते. ग्लव्ह बॉक्स बऱ्याचदा दोन-चार स्क्रू किंवा खाचा सोडवून निघतो, पूर्ण डॅशबोर्ड उतरवावा लागत नाही. (उजवीकडची मोटर एक्सलरेटरच्या वर लपलेली असते, तिथे हात घालताना मान मोडते. तुमची डावी बिघडली हे नशीबच समजा.) एकाने टॉर्च मारून मोटरकडे बघायचं, दुसऱ्याने ‘हाय’ आणि ‘लो’ करायचं. मोटर अजिबात हलत नसेल तर तिचा सॉकेट, त्यात येणारी वीज आणि वायर बघा. पावसाळ्यात पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी उंदरांनी कुरतडणं ही आपल्याकडची नित्याची बाब आहे. मोटरचा आवाज येतो पण बाहेरचा दांडा फिरत नाही, किंवा झटके देतो, तर गिअर गेला. दांडा व्यवस्थित फिरतो आणि हवेत फरक नाही, तर मोटर निर्दोष, आतला फ्लॅप किंवा त्याची कडी तुटलेली.

मोटरचे स्क्रू काढल्यावर फ्लॅपचा दांडा बोटांनी फिरवून बघा. या टोकापासून त्या टोकापर्यंत मऊ फिरायला हवा. मध्येच अडकत असेल तर नवी मोटर बसवूनही महिन्याभरात तिचे दात जातील. डॅशबोर्डवरच्या काचेलगतच्या जाळीतून काय काय आत पडतं हे सांगून खरं वाटणार नाही: टोलच्या पावत्या, नाणी, एका गाडीत तर झेंडूचं वाळलेलं फूल फ्लॅपच्या बिजागरीत बसलं होतं.

खात्री करायची आणखी एक युक्ती. पुष्कळ गाड्यांत डाव्या-उजव्या मोटरचा पार्ट नंबर एकच असतो. तसा असेल तर अदलाबदल करा, रीसेट करा. दोष मोटरबरोबर उजवीकडे गेला तर मोटर खराब. डावीकडेच राहिला तर वायर, फ्लॅप किंवा पॅनल. पॅनलवर संशय घ्यायची वेळ खरी तर इथे येते, तोपर्यंत नाही. आणि तेव्हाही गॅरेजवाल्याला स्कॅनरवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायच्या यंत्रावर, लाइव्ह डेटा दाखवायला सांगा: डाव्या फ्लॅपची मागितलेली जागा किती आणि प्रत्यक्ष जागा किती. फोनला जोडायचे स्वस्त रीडर साधारण इंजिनाच्याच बिघाडाचे कोड वाचतात. क्लायमेट कंट्रोलचे कोड बहुधा ‘बी’ अक्षराने सुरू होतात, ते वाचायला त्या मॉड्यूलपर्यंत, म्हणजे एसीच्या स्वतंत्र कॉम्प्युटरपर्यंत पोचणारा स्कॅनर लागतो. ‘कोड काहीच आला नाही, म्हणून पॅनल गेलं’ असं कोणी म्हणालं तर आधी विचारा की वाचलं कुठलं मॉड्यूल.

आता समजा दोन्ही मोटरी ठणठणीत निघाल्या आणि तरी डावीकडे ‘हाय’वर गारवा. मग हीटर कॉइल अर्धी चोंदलेली असू शकते. कूलंट कॉइलच्या एका भागातूनच फिरतं, तेवढ्यावरून गेलेली हवा गरम, बाकी गार. बॉनेट उघडा, इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून हीटरच्या दोन रबरी नळ्या आत जातात, त्या शोधा. पंख्यापासून आणि बेल्टपासून हात लांब ठेवून दोन्हींना अलगद स्पर्श करा. दोन्ही जवळजवळ सारख्या गरम, तर प्रवाह ठीक. एक चटका देणारी आणि दुसरी कोमट, तर कॉइल चोंदली. दोन्ही कोमट, तर कूलंट कमी आहे, आत हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहतोय. हवा अडकली असेल तर गाडी सुरू करताना डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येते. काही गाड्यांत या नळीवर एक व्हॉल्व्ह असतो, तो पूर्ण उघडतो का तेही बघा.

कॉइल चोंदते कशाने? आपल्याकडे मुख्यतः बोअरच्या पाण्याने. कूलंट कमी झालं की बाटली भरून ओतलं, त्यातले क्षार आतल्या बारीक नळ्यांत बसतात. जसा घरच्या गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो. दुसरं कारण म्हणजे हिरवं आणि लाल कूलंट रंग न बघता एकत्र ओतणं. प्रकार जुळले नाहीत तर गाळ होतो. रंग हा काही प्रमाण नव्हे, डब्यावरचा प्रकार वाचा. चोंदलेली कॉइल दोन्ही नळ्या सोडवून उलट दिशेने साध्या पाण्याच्या हलक्या दाबाने धुवायची. टायरमध्ये हवा भरायच्या कॉम्प्रेसरची हवा लावायची नाही. कॉइल ॲल्युमिनिअमची असते, फुटली तर डॅशबोर्ड उतरवण्याचं काम मागे लागतं. आणि रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर उघडायचं नाही, हे माहीत असूनही दरवर्षी कोणीतरी हात भाजून येतो.

थर्मोस्टॅटबद्दल मला जरा राग आहे, तो इथेच काढतो. ‘गाडी तापते’ म्हटलं की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. उन्हाळ्यात मालक खूश. डिसेंबरात तो म्हणतो हीटर बिघडला. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ९० अंशांना उघडतो, तोवर पाणी इंजिनातच फिरवून इंजिन लवकर गरम करतो. तो नसला की हमरस्त्यावर वाऱ्याने काटा निम्म्याच्याही खाली बसतो, पेट्रोल जास्त जातं आणि हीटर कोमट. जुनी गाडी विकत घेतलेल्यांनी हे आवर्जून तपासावं.

सेन्सरचं प्रकरण तुमच्या गाडीत बहुधा नाही, कारण ते बिघडले तर शक्यतो दोन्ही बाजू चुकतात. पण सर्वांत जास्त पैसे इथेच वाया जाताना मी पाहिलेत. मे महिन्यात एक गाडी आली, एसी बंद, दोन ठिकाणी गॅस भरलेला, तिसऱ्याने कॉम्प्रेसरचा भाव सांगितलेला. मी आत बसलो तर स्क्रीनवर बाहेरचं तापमान उणे ३०. मालक म्हणाले, ‘ते डिस्प्लेचं काहीतरी झालंय, दोन महिने असंच दिसतंय.’ दोन महिन्यांपूर्वी काय झालं होतं? पुढचा बंपर रंगवला होता. बंपरच्या आत बाहेरच्या हवेचा सेन्सर असतो, रंगवणाऱ्याने त्याचा सॉकेट परत लावलाच नव्हता. सेन्सर तुटला की कॉम्प्युटरला कडाक्याची थंडी दिसते, आणि बाहेर गोठणबिंदूच्या आसपास असेल तर बऱ्याच गाड्या कॉम्प्रेसर चालूच करत नाहीत. सॉकेट लावला, एसी सुरू.

केबिनमधला सेन्सर स्टिअरिंगजवळच्या एखाद्या नखाएवढ्या जाळीमागे असतो. तिच्यातून थोडी हवा सतत आत ओढली जावी लागते. फॅन चालू ठेवून पातळ टिश्यूचा तुकडा जाळीला लावा, चिकटून राहिला तर ठीक. जाळी धुळीने बुजली असेल तर सेन्सर केबिनऐवजी डॅशबोर्डच्या पोटातली उष्णता मोजतो, आणि उन्हाळ्यात गोठवतो, हिवाळ्यात हीटर आखडता घेतो. तिसरा सेन्सर उन्हाचा, डॅशबोर्डवर काचेजवळ छोटा काळा घुमट. त्याच्यावर गणपती, टिश्यूचा डबा किंवा मखमली आच्छादन नको. कॉम्प्युटरला वाटतं सावली आहे. बाप्पाला दोन बोटं बाजूला बसवा, रागवायचे नाहीत. याच सेन्सरचा एक गमतीदार भाग: टोयोटाच्या कितीतरी जुन्या ऑटोमॅटिक एसीत ऑटो आणि रीसर्क्युलेशन (आतलीच हवा फिरवायचं) ही दोन बटणं दाबून धरून इग्निशन चालू केलं की एसीची स्वतःची तपासणी सुरू होते. ती अंधाऱ्या गॅरेजमध्ये केली तर उन्हाच्या सेन्सरचा २१ नंबरचा कोड येतो, सेन्सर चांगला असला तरी. ऊन नाही म्हणून! उन्हात किंवा प्रखर दिव्याखाली पुन्हा करायची. चौथा सेन्सर कूलिंग कॉइलवरचा. तो बिघडला की तासभर हायवेवर जाळीतून वारा हळूहळू आटतो, चहाला थांबलात की गाडीखाली पाण्याचं तळं, आणि परत निघालात की सगळं ठीक. कॉइलवर बर्फ धरतो, एवढंच.

थंडीत इंजिन गार असताना ऑटोवर फॅन हळू चालतो किंवा चालतच नाही, पाणी कोमट झालं की वेग घेतो. हा बिघाड नाही. पुढच्या काचेचं डिफ्रॉस्ट बटण दाबल्यावर एसी आपोआप सुरू होतो, हाही नाही. आधी हवा कोरडी करून मग गरम करून काचेवर सोडली तरच वाफ झटकन जाते.

राहिला तुमचा दोनदा भरलेला गॅस, आणि याची मला खरी काळजी वाटते. गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. कमी झाला असेल तर गळती आहे, आणि ती न शोधता भरला तर पुन्हा जाणार. कमी झालाच नव्हता, तर आता जास्त झाला असेल. बंद गाडीवर मीटर लावून ‘दाब बरोबर आहे’ असं सांगितलं असेल तर त्याला अर्थ नाही: आर-१३४ए, म्हणजे एसीतला हा गॅस, आत थोडा द्रव असेपर्यंत बाहेरच्या तापमानाप्रमाणेच दाब दाखवतो, ३० अंशांना साधारण ९५ पीएसआय, मग आत २०० ग्रॅम असो की ५००. गॅस वजनावरच भरायचा असतो. ते वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर ग्रॅममध्ये छापलेलं असतं. जास्त झालेला गॅस थंडीत कळत नाही, एप्रिलमध्ये कळतो: दाब वाढतो, कॉम्प्रेसर मध्येच बंद पडतो आणि तुम्हाला पुन्हा कोणीतरी म्हणतं गॅस कमी झाला. तेव्हा मार्चच्या आत मशीनवर सगळा गॅस काढून घ्या, निघालेलं वजन लिहून मागा, व्हॅक्यूम करून किमान अर्धा तास थांबायला सांगा, आणि स्टिकरवर आहे तितकाच भरून घ्या. निघालेलं वजन स्टिकरपेक्षा कमी निघालं तर भरण्याआधी गळती शोधायची.

मोटर मिळायला आठवडाभर लागत असेल, तर तोवर ग्लव्ह बॉक्स काढून मोटर सोडवा, डाव्या फ्लॅपचा दांडा हाताने गरम बाजूला वळवा, तो हलणार नाही असा बांधून ठेवा आणि मोटरचा सॉकेट काढून टेप लावा. टक-टक थांबेल, पॅनलवर एखादा कोड साठेल, तो नंतर पुसता येतो. डावीकडे थोडं जास्तच गरम होईल, पण निफाडच्या रस्त्यावर सकाळी सहाला त्याबद्दल कोणी तक्रार करणार नाही.